मुद्देमालातलं झाड

"आलं तसं गेलं पाहिजे, मॅडम," असं म्हणत मामा हातातली वस्तू उजेडाकडे धरायचे, चारी बाजूंनी एकदा फिरवून बघायचे, तिच्यावर हलकी फुंकर मारायचे आणि जिथून उचलली होती तिथेच, त्याच तोंडाने परत ठेवायचे. मग ती चोरीची सोनसाखळी असो, नाहीतर भांडणात कुणाच्या डोक्यात घातलेली क्रिकेटची बॅट असो. फुंकर दोन्हींना सारखीच.

मामा म्हणजे आमच्या भागातल्या एका पोलीस ठाण्यातले मुद्देमाल सांभाळणारे हवालदार. पोलिसाला मामा म्हणायची आपल्याकडे रीतच आहे, पण इतरांना लोक पाठीमागे म्हणतात. ह्यांना तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. मी विधी सेवेच्या यादीवरची वकील. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं माझ्याकडे येतात. मुद्देमाल बघायला म्हणून मी त्या ठाण्यात जाऊ लागले, आणि पुढेपुढे काम नसलं तरी तिथे दहा मिनिटं बसून यायला लागले.

ती खोली एकदा तुम्ही बघायला हवी होती. जिन्याच्या मागे, लांबट, पश्चिमेला एकच खिडकी. दुपारनंतर खाडीवरून ऊन आत यायचं आणि फळ्यांवरून सावकाश सरकत जायचं. आधी एका सायकलची घंटी चमकायची, मग स्टीलचे डबे, मग एका लग्नातला चोरीला गेलेला शालू. प्रत्येक वस्तूला लाखेचं सील आणि पांढरं लेबल. बाहेर वायरलेस खरखरत असायचा, कुणीतरी कुणावर तरी ओरडत असायचं, पण दार लोटलं की सगळं दूर जायचं. तिथे बसलं की मला डुलकी यायची. मामा उठून पंख्याचं बटण दाबायचे.

फळ्यांची मांडणी त्यांची स्वतःची होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला काही उमगेना. बचकभर दागिने अगदी खालच्या फळीवर, आणि एक साधी काचेची बाटली कुलूपबंद कपाटात.

"मामा, उलटं झालंय का?"

"न्हाई मॅडम. किंमतीवर न्हाई, शिक्षेवर लावलंय."

म्हणजे दंड भरून सुटता येईल असल्या गुन्ह्यांतल्या वस्तू तळाला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल ते मधल्या फळीवर, सात वर्षांचं त्याच्या वर. जन्मठेपेपर्यंत जाणारं सगळं कपाटात. ती बाटली कुणाच्या तरी पोटात खुपसली गेली होती. कायद्याच्या पुस्तकात मागे एक लांबलचक तक्ता असतो: कोणता गुन्हा, शिक्षा किती, पोलिसांना थेट दखल घेता येते की कोर्टाची परवानगी लागते, जामीन हक्काचा की कोर्टाच्या मर्जीचा, खटला कुठल्या कोर्टात. आम्ही वकील तो परीक्षेपुरता पाठ करून विसरतो. मामांनी तो लाकडी फळ्यांवर मांडून ठेवला होता.

तेव्हा नवे कायदे नुकतेच लागू झाले होते. कलमांचे नंबर बदलले म्हणून सगळे वैतागले होते. मी तर दोनदा कोर्टात जुना नंबर बोलून हसं करून घेतलं. मामांनी शाळेच्या दोनशे पानी वहीत डावीकडे जुने आणि उजवीकडे नवे नंबर लिहून काढले होते. "तीनशेदोन आता एकशेतीनला ऱ्हायला गेले," ते सांगायचे. "चारशेवीस तीनशेअठरात. चोरी तीनशेएकोणऐंशीची तीनशेतीनला आली." बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यावर शेजारी कुठे कुठे पांगले ते सांगावं, तसा सूर.

"आणि लबाड माणसाला आता काय म्हणायचं मामा? तीनसोअठरा?"

"चारसोबीसच म्हणायचं. सवय हाय ना लोकांना," ते गंभीरपणे म्हणाले.

अशाच एका दुपारी मला खिडकीत ते झाड दिसलं. झाड कसलं, वीतभर रोप. निळ्या चिनीमातीच्या पसरट कुंडीत, कुंडीला सील, देठाला लेबल. आणि हीच माझी केस निघाली.

सीवूड्सच्या एका सोसायटीच्या गेटजवळून ती कुंडी चोरीला गेली होती. सेक्रेटरींनी तक्रार दिली होती: पिंपळाचं बोन्साय, किंमत पंचवीस हजार. चोर म्हणून सापडली ती जवळच्या गावठाणातली सत्तरीची आगरी आजी. सुकी मासळी विकणारी. कुंडी तिच्या ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली होती.

मी तिला विचारलं, "आजी, का नेलंत?"

"त्यो भेंड हाय," ती म्हणाली. "आमच्या धक्क्यावर मोठा भेंड व्हता. मालक माजे त्याच्या सावलीला होरी दुरुस्त करायचे. त्यो तोरला. हा त्याचाच पिल्लू, भिताडाच्या कडंला उगवलेला. त्यांनी उचलून थालीत लावला. थालीत का झार लावतान?"

होरी म्हणजे होडी, झार म्हणजे झाड, एवढं मला कळलं. पिंपळ आणि भेंड यांची पानं लहानपणी फसवण्याइतकी सारखी दिसतात, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सोसायटीचं खरं बोन्साय पुष्कळ आधी वाळून गेलं असावं, आणि बोलणी खायला नकोत म्हणून तिथल्या माळ्याने रिकाम्या कुंडीत हे रोप खोचलं असावं. वर्षभर ते बोन्साय म्हणून मिरवलं. कुणी वाकून पाहिलंच नाही.

आता यातली मेख बघा. नव्या कायद्यात चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांच्या खाली असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल परत मिळाला असेल, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. पोलिसांना कोर्टाच्या परवानगीवाचून तपाससुद्धा करता येत नाही. पण पंचवीस हजार म्हटलं की गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आजी जामिनावर होती, पण उतारवयात तुरुंगाची टांगती तलवार डोक्यावर. आपसात मिटवता येण्यासारखं प्रकरण होतं. मी सेक्रेटरींना दोनदा भेटले. ते म्हणाले, "मॅडम, पैशाचं नाही, प्रिन्सिपलचा प्रश्न आहे."

तारखा पडत राहिल्या. आणि इकडे ते रोप वाढत राहिलं.

कारण मामा त्याला पाणी घालत होते. मामा माण तालुक्यातले. "आमच्याकडं पाणी घालायला मिळत न्हाई म्हणून झाडं मरत्यात. इथं नळ हाय आन् मी मरू देऊ?" असं म्हणून ते चहाच्या पेल्याने हळूहळू पाणी सोडायचे. शिवाय नियमही तोच होता: मुद्देमाल खराब होता कामा नये. दर सोमवारी ते फूटपट्टी लावायचे आणि रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे: पाने अकरा. पाने सतरा, एक किडकं. उंची दीड फूट. इतर नोंदींत "सील शाबूत" एवढंच असे. ह्या एका नोंदीला पुरवणी कागद जोडावे लागले.

पंचाईत तिथेच होती. आयुष्यभर जे आलं तसं परत देणाऱ्या माणसाच्या हवाली, तसं राहणं ज्याला जमतच नाही अशी वस्तू आली होती. ते त्यांना कळत होतं. कधीकधी खुर्चीत बसून ते नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. उन्हात पानांच्या सावल्या खालच्या फळीपासून कपाटापर्यंत हलत असायच्या, आणि मला वाटायचं, ह्या खोलीतल्या सगळ्या वस्तू झोपल्यात आणि एकटं हेच जागं आहे.

एक दिवस कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आली. कुंडीला चीर जाणार हे दिसत होतं. "कुंडीबी मुद्देमाल, झाडबी मुद्देमाल," मामा म्हणाले. "एकानं दुसऱ्याला फोडलं तर मी कुणाच्या बाजूनं लिहू?" त्यांनी झाड तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलं आणि कुंडी धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून मधल्या फळीवर ठेवली. रजिस्टरला नोंद केली. कोर्टाची परवानगी मात्र घेतली नाही, पंच बोलावले नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेली ही पहिली चूक.

त्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट दाखवली होती. बुंध्याशी निळा नायलॉनचा दोरा होता, अर्धा सालीत रुतलेला. रोप वाकू नये म्हणून आजीने जाळ्याच्या दोऱ्याने ते काडीला बांधलं होतं. काडी मोडली, दोरा राहिला. "सैल केला थोडा, पण काढला न्हाई," मामा म्हणाले. "त्याच्याबरोबर आलाय ना त्यो." पंचनाम्यातही तो दोरा होता, एका ओळीत. मी वाचला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते विसरून केलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा झाड माझ्या कमरेएवढं झालं होतं. दोन शिपायांनी डबा उचलून कोर्टात आणला. सेक्रेटरी साक्षीला उभे राहिले, त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे आमचं नाहीच. आमचं बोन्साय होतं."

मला आतून उकळ्या फुटल्या. माल ओळखला गेला नाही म्हणजे चोरी सिद्ध होत नाही, आजी सुटली. आता फक्त मुद्देमालवाल्याकडून वदवून घ्यायचं, की माल जसा आला तसा राहिलेला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात मामा भेटले. माझ्या तोंडावरूनच त्यांना सगळं समजलं असावं.

"इचारा मॅडम," ते म्हणाले. "इचारलं तेवढं खरं सांगीन."

मी विचारलं. जप्तीच्या वेळी उंची किती होती? एक वीत. आज किती? साडेतीन फूट. पंचनाम्यात पिंपळ लिहिलंय, हे पिंपळाचं आहे? नाही. कुंडी कुणी बदलली? मी. कोर्टाची परवानगी? नाही. पंच? नाही.

"माझं म्हणणं असं आहे की तुमची नोंद खोटी आहे. जप्त केलेलं झाड हे नव्हेच."

"हे म्हणणं खरं नाही," मामा म्हणाले. साक्षीत म्हणायचं असतं तेवढंच.

मी खाली बसले. दोऱ्याबद्दल मी अक्षरही काढलं नव्हतं.

आणि मग जे मला आधी सुचायला हवं होतं ते घडू लागलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढला आणि मामांना विचारलं, "मग पंचवीस हजारांचं मूळ बोन्साय गेलं कुठे?" सरकारी वकीलही मामांकडे बघायला लागले. सरकारी नोकराने ताब्यातल्या मालाचा अपहार केला तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. मामांच्या स्वतःच्या मांडणीप्रमाणे ते आता कुलूपबंद कपाटात गेले होते, आणि तिथे त्यांना मी नेऊन ठेवलं होतं. ते कठड्याला धरून उभे होते. अंगठा दुसऱ्या हाताच्या नखावर घासत होते.

माझ्या मागे बांगड्या वाजल्या. आजी उभी राहिली होती.

"आजी, बसा," मी पुटपुटले.

"तू बस," ती मला म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "यो त्योच झार हाय. मीच नेला त्याला. मामांनी काय नाय केला, निस्ता पानी घातला. खाली बगा, निला दोरा हाय. जाल्याची गाठ हाय ती, माज्या मालकांनी शिकवलेली. तुमच्यात कुनाला येनार नाय ती बांदाया."

साहेबांनी शिपायाला डबा जवळ आणायला सांगितलं. स्वतः उठून वाकून पाहिलं. मग जप्तीचं व्हिडिओ चित्रण मागवलं. नव्या कायद्याप्रमाणे जप्तीचं चित्रण करावंच लागतं. ते पाकिटात सीलबंद पडून होतं आणि इतक्या तारखांत कुणालाही, मलाही, ते उघडावंसं वाटलं नव्हतं. पडद्यावर आजीचा ओटा दिसला, निळी कुंडी, वीतभर रोप, आणि देठाला निळा दोरा. सेक्रेटरी मान पुढे करून बघत राहिले. ज्याला आपण बोन्साय म्हणत होतो ते हे रोपटं, हे त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं.

साहेबांनी आजीला दोनदा समजावून विचारलं, कबुलीचा अर्थ काय होतो ते सांगितलं. ती दोन्ही वेळा हो म्हणाली. रोपाची किंमत, कुंडी धरूनही, पाच हजारांच्या पुष्कळ खाली निघाली. गुन्हा पहिला, माल हजर. शिक्षा: महिनाभर रोज सकाळी दोन तास खाडीकडच्या सार्वजनिक बागेत झाडांना पाणी घालणे. कुंडी सोसायटीला परत. झाड सोसायटीला नको होतं. ते त्याच बागेत लावायचा हुकूम झाला. चोर म्हणून आजीच्या नावाला शिक्का बसला तो बसलाच. मी तो बसू न देण्यासाठी नेमलेली वकील होते, आणि तिने तो माझ्या डोळ्यांदेखत मागून घेतला होता.

बाहेर मामा नळावर तोंड धूत होते. मी जवळ गेले.

"मामा, दोऱ्याचं का नाही सांगितलंत? एका वाक्यात सुटला असतात तुम्ही."

त्यांनी रुमालाने चेहरा पुसला. "तुम्ही इचारलं न्हाई, मॅडम," ते म्हणाले. मग रुमालाची घडी खिशात ठेवत म्हणाले, "आन् सांगितलं असतं तर म्हातारी अडकली असती."

माझ्याकडून तेव्हा माफी मागायची राहिली. मागायला हवी होती. मी "चला, झालं एकदाचं" असलं काहीतरी बोलले आणि पुढच्या केसला पळाले.

खात्याने मामांना मेमो दिला: परवानगीशिवाय मुद्देमालाच्या स्वरूपात बदल कसा झाला, याचा खुलासा करावा. मामांचा खुलासा ठाण्यात बरेच दिवस सगळ्यांच्या तोंडी होता. त्यांनी लिहिलं होतं, "मुद्देमाल हे झाड असल्यामुळे." खुलासा मान्य झाला नाही. कोऱ्या सर्व्हिस बुकात सक्त ताकिदीची एक ओळ लागली. त्यानंतर ती फुंकर मारायचं त्यांनी सोडलं, हे माझ्या लक्षात आलं. वस्तू उचलायचे आणि तशीच ठेवायचे.

काही महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी माझी पनवेलला तारीख होती. मी फोन करीन म्हटलं आणि केला तेव्हा नंबर बंद होता. गावी गेले, एवढंच ठाण्यात कळलं.

परवा दुसऱ्या एका कामासाठी त्या खोलीत गेले. आता तिथे एक हवालदार बाई आहेत, चटपटीत आहेत. फळ्या क्रमांकाप्रमाणे लावल्यात, लेबलांवर बारकोड आलेत. खिडकीत पत्र्याच्या डब्याचा गंजाचा चौकोन मात्र अजून आहे. बाईंनी मला बघून जुनं रजिस्टर काढलं.

"मॅडम, ती केस तुमचीच ना? तपासणीत हरकत निघालीय. शेवटच्या रकान्यात मालाचं काय झालं ते लिहायचं असतं. परत दिला, नष्ट केला, कोर्टात जमा. मामांनी हे बघा काय लिहून ठेवलंय."

रकान्यात मामांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता: जिवंत.

"खोडून 'बागेत जमा' लिहू का?" बाईंनी विचारलं. "आणि तसंही, ते आता जिवंत आहे की नाही, कुणाला माहीत?"

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि रिक्षा करून बागेत गेले. ऊन उतरलं होतं, खाडीवरून वारा होता. भेंड कुंपणाजवळ आहे. माझ्या डोक्याच्या वर गेलाय. सकाळची पिवळी फुलं संध्याकाळी लालसर होऊन खाली पडली होती. आजीची शिक्षा कधीच संपलीय, तरी ती तिथेच होती, हातात पाण्याची बादली घेऊन. मला बघून म्हणाली, "मामा नाय आयले?" मी मान हलवली. खाली वाकून पालापाचोळा बाजूला केला. दोरा आता जवळजवळ पूर्ण सालीत गेलाय. गाठीचं एक टोक तेवढं बाहेर आहे.

मी तिथूनच ठाण्यात फोन लावला.

"खोडू नका," मी म्हटलं. "वकील म्हणून सांगतेय, आत्ता झाडासमोर उभी राहून सांगतेय. मामांची नोंद बरोबर आहे."